आमचा टोंगळा

झनकलालभाऊंची गोष्ट मी आजवर कितीदा सांगितली असेल याला गणती नाही, पण सांगितली ती अर्धीच. लग्नाच्या पंगतीत, निवृत्तांच्या बैठकीत, फुलचूरच्या चहाटपरीवर. आठवड्याला नवा सांधा घेऊन दवाखान्यात येणारा माणूस म्हटलं की लोक हसायचे, आणि मी तिथेच थांबायचो. पुढचं सांगायचं इतकी वर्षं टाळलं, कारण त्या उरलेल्या अर्ध्यात एक हात आहे. तो उघडू शकला असता. माझ्यामुळे मिटलेला राहिला. झनकलालभाऊ आता नाहीत, मीही पंचाहत्तरी ओलांडली. आता सगळं सांगून टाकतो.

दोन हजार सात सालच्या सुमाराची गोष्ट. गोंदिया जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी नोंदणीच्या खिडकीवर बाबू होतो. त्या वर्षी नागपूरहून फिजिओथेरपीच्या एक तरुण बाई आल्या. कंबर धरून आलेली माणसं आधी मोठ्या डॉक्टरांच्या रांगेत दोन तास उभी राहतात आणि मग चिठ्ठी घेऊन आपल्याकडे येतात, हे त्यांना पटेना. त्यांनी वरून परवानगी आणून पाटी लावली. सांधे किंवा स्नायू दुखत असतील तर चिठ्ठी नको, स्वतः नाव नोंदवा आणि थेट या. फॉर्म भरायचा मी. कोणता सांधा, दुखणं कधीपासून, कोणी पाठवलं. चिठ्ठीशिवाय कोणाला आत सोडायचं म्हणजे मला माझ्या खुर्चीचा अपमान वाटायचा.

पाटीचा पहिला फायदा घेतला झनकलालभाऊंनी. चोरखमारा गावाकडचे धानाचे शेतकरी, साठीचे, काटक. दहा-बारा किलोमीटर सायकल हाणत यायचे, ती भिंतीला टेकवायचे आणि खिडकीत डोकं घालून म्हणायचे, "लिहा बाबूजी. आज आमचा टोंगळा आला."

टोंगळा म्हणजे गुडघा. तो जणू जावई असल्यासारखा आलेला असे. मी विचारायचो, कोणी पाठवलं? ते म्हणायचे, घरून. घरून म्हणजे कोणी? घरून म्हणजे घरून. मी मुकाट्यानं ‘स्वतः’ असं लिहायचो.

पुढच्या आठवड्यात आमचा घोटा आला. मग आमचा खांदा, मग आमचं कोपर. सगळं उजवीकडचं. हा ‘आमचा’ मला फार खुपायचा. चार एकर जास्त असले की माणूस स्वतःला आम्ही म्हणवतो, असं मी मनात म्हणायचो. आणि दुखणं कधीपासून, या प्रश्नाला प्रत्येक सांध्याचं उत्तर एकच. पोळ्यापासून. एकदा मी म्हटलं, पोळ्याला काय बैलानं तुडवलं? ते म्हणाले, "तसंच समजा."

माझ्या पाठीमागे अर्ध्या उंचीची भिंत होती, तिच्यापलीकडे व्यायामाची खोली. आतलं सगळं ऐकू यायचं. बाई म्हणायच्या, पाय उचला. हे म्हणायचे, मी नाही उचलत, तुम्ही उचला, मी नुसता पडून राहिलो. अंग असं सैल सोडायचे की बाईंना घाम फुटायचा. मग प्रश्न. किती वर न्यायचा? कितीदा? आणि एकदा, "दुखून राहिलं अन् बोलता नाही आलं, तर समोरच्याले कसं समजन?" बाई हसल्या. म्हणाल्या, चेहऱ्याकडे पाहायचं.

जेवणाच्या सुट्टीत एकदा ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, बाबूजी, पाच मिनिटं तुमचा पाय द्या. काऊन म्हणून विचारलं तर म्हणाले, हात बसवून पाहतो. मला बाकावर आडवं करून त्यांनी माझा गुडघा हळूहळू दुमडला, सरळ केला, आणि पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे एकटक पाहत राहिले. शिपाई, नर्सा, सगळे हसत होते. मला त्या दिवशी जिने चढताना बरं वाटलं, ते मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

मग तो शुक्रवार आला. धानकापणी जोरात, तरी हे हजर. रांग दारापर्यंत, त्यात त्यांच्या गावचेही दोघेतिघे. ते नेहमीपेक्षा हळू बोलले. आज आमचा उजवा हात, मूठ उघडत नाही. मी फॉर्म भरला आणि सहीसाठी पुढे केला. त्यांनी पेन घेतला आणि झोकात सही केली.

मी फॉर्म उचलून रांगेला दाखवला. "सही कोणत्या हातानं केली, झनकलालभाऊ?"

त्यांनी हाताकडे पाहिलं. उजवाच होता. रांग खदखदली. कोणीतरी म्हणालं, पाहा, दवाखान्यात यायच्या आधीच बरा झाला. मला चेव आला. पोळ्यापासून एकेक सांधा कसा येतो आहे ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आपल्या गावच्या माणसांकडे एकदा पाहून ते खिडकीच्या अगदी जवळ आले.

"जाऊ द्या ना बाबूजी. आता हातच राहिला."

मी फॉर्मवर आडवं लिहिलं, तक्रार खोटी, पुन्हा नाव घेऊ नये. ते सायकल घेऊन गेले. सकाळभर वॉर्डात असलेल्या बाईंनी दुपारी परतल्यावर विचारलं, आज ते टोंगळेवाले आले नाहीत का? मी म्हटलं, नाही आले.

उन्हाळ्यात बाई त्या बाजूला शिबिराला गेल्या. परतल्या त्या सरळ माझ्या खिडकीशी आल्या. झनकलालभाऊंच्या बायकोला पोळ्याच्या दिवशी लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा अडली. मला असं कोणाला दाखवू नका, अशी तिनं खुणेनं शपथ घातली होती. गावाला सांगितलं, बायको माहेरी गेली. आणि झनकलालभाऊ बाईंकडून स्वतःच्या अंगावर एकेक व्यायाम करून घ्यायचे आणि घरी जाऊन तिला द्यायचे.

बाई म्हणाल्या, "ती काठी धरून चालते, बाबूजी. खांदा मोकळा आहे. फक्त मूठ आवळून गेली. ते म्हणतात, हाताचं शिकायचं राहून गेलं. का राहिलं?"

मी रजिस्टर बंद केलं.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. बसमध्ये माफीची चार वाक्यं पाठ केली होती. अंगणात ती माउली खाटेवर बसली होती. तिनं डाव्या हातानं मला पाण्याचा तांब्या दिला. उजवी मूठ मांडीवर होती. तळव्यात नखं रुतू नयेत म्हणून झनकलालभाऊंनी तिच्यात धुतलेल्या फडक्याची गुंडाळी बसवली होती. त्यांनीच तिला सांगितलं, हे दवाखान्यातले बाबूजी, यांनीच आपलं नाव लिहिलं होतं. ती वाकड्या ओठांनी हसली.

मी पहिलं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात झनकलालभाऊ माझ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी हात जोडले.

"तुमाशी लबाडी केली बाबूजी. मले काहीच नव्हतं. हिचं दुखणं माह्या नावानं लिहून घेतलं. तुमाले चार लोकांत राग आला, बरोबर होतं. माफी द्या."

ती दोघंही माझ्याकडे पाहत होती. चारही वाक्यं मला अजून पाठ होती.

"असू द्या झनकलालभाऊ," मी म्हणालो. "माफ केलं."