उत्तमभाऊंची उगवण चाचणी

आमचे उत्तमभाऊ कॉम्प्युटरमध्ये काही टाकत नाहीत, पेरतात. "आज सकाळीच नवीन पेरलं," असं ते एमआयडीसीतल्या आमच्या बियाणं कंपनीच्या गेटवर सांगायचे आणि वॉचमन चक्रावून विचारायचा, "एवढ्या उन्हाळ्यात?"

उत्तमभाऊ आमच्या प्रयोगशाळेत बियाण्याची उगवण तपासायचे. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागद गुंडाळून कपाटात ठेवायचा आणि ठरल्या दिवशी कोंब मोजायचे. वीस वर्षं हेच करणाऱ्या माणसाच्या हाती कॉम्प्युटर आल्यावर दुसरं काय होणार?

त्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा गेमचा डबा होता. व्होल्टेज वाढलं आणि तो जळाला. मग नेट कॅफेत त्यांना कळलं, की त्या डब्याचं हुबेहूब सोंग घेणारा एक प्रोग्राम असतो आणि तो बनवणारी मंडळी रोज त्याचा नवा, कच्चा नमुना फुकट वाटतात. त्याला बिल्ड म्हणायचं. पक्का नमुना सावकाश येतो, पण उत्तमभाऊंना तेवढा धीर कुठला?

"पक्क्याची वाट पाह्यची, तर मंग आपण चाचणीवाले कशाला झालो?"

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत सायकल नेट कॅफेकडे आणि येताना पिशवीत सीडी. एकदा घाईघाईत त्यांनी ती सीडीच ओल्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. सात दिवसांनी कपाशीच्या कोंबांसोबत निघाली. साहेब बघतच राहिले. उत्तमभाऊ शांतपणे म्हणाले, "उगवली न्हाई, सर."

त्यांना घरच्या कॉम्प्युटरवर एकच कुस्तीचा गेम चालवायचा होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो चालायचा. पैलवान भिडायचे, ढोल वाजायचा. मी म्हणायचो, "भाऊ, बराबर चालून राह्यलं की."

ते मान हलवायचे. "अर्धंच उगवलं. नापास."

माणूसच लहरी, म्हणून मी हसण्यावारी न्यायचो.

एका रविवारी सकाळी ते धापा टाकत माझ्या दारात. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात वहिनींची. "चल, जल्दी चल. आजचं बिल्ड येगळं दिसून राह्यलं."

घरी या वेळी कॉम्प्युटरला दोन रिमोट जोडलेले होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आजवर दुसरा पैलवान कॉम्प्युटरच खेळवायचा. दुसऱ्या रिमोटला तो दादच देत नव्हता. उत्तमभाऊंनी दुसऱ्या रिमोटचं बटण दाबलं. निळ्या लंगोटाच्या पैलवानानं शड्डू ठोकला.

"अगं, ये लवकर! उगवलं पूर्ण!"

कांतावहिनी पिठाचे हात पदराला पुसत आल्या, बसल्या आणि पहिला रिमोट उचलला. "लाल लंगोट माझा." दोन मिनिटांत निळा पैलवान चीत. वहिनी खळखळून हसल्या.

"डबा जळाल्ता तवापासून हसलीच न्हाई बघ ही," उत्तमभाऊ माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले. "घरात दोघंच आम्ही. लेकरू न्हाई, बाळ न्हाई. संध्याकाळ लई लांबते."

इतके दिवस हसलो, त्याची लाज वाटली.

तोवर निळा पैलवान पुन्हा आडवा. वहिनींनी डोळे बारीक केले. "तुम्ही मुद्दाम हरून राह्यले."

"न्हाई गं," उत्तमभाऊ म्हणाले, "बिल्ड कच्चं हाय."