हेडक्लार्कांचा डावा हात

सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ कपाटात ठेवायचं नाही, रोज ऑफिसला घालून जायचं, असं हेडक्लार्कांनी ठरवलं आणि इथेच त्यांचं चुकलं. (तसं त्यांचं कुठेही चुकू शकतं, पण या वेळची सुरुवात इथून झाली.)

घड्याळ साधंसुधं नव्हतं हो! सोन्याची केस, सायीच्या रंगाची तबकडी आणि तिच्यावर परदेशी कंपनीचं असं नाव, की घरातला प्रत्येक जण ते वेगळं वाचायचा. आजेसासरे बोटीवर इंजिनिअर होते, त्यांनी ते परमुलखात घेतलेलं. बोटीचा कप्तान म्हणे स्वतःचं घड्याळ त्यावरून लावायचा. अलीकडे सासऱ्यांच्या गोष्टीत कप्तानाच्या जागी अख्खं बंदर आलं होतं.

"माझ्या हातावर हे एक दिवस थांबलं नाही," सासरे म्हणाले होते. "थोरले जावई म्हणून तुम्हाला देतोय. रविवारी आम्ही दोघं जेवायला येऊ, तेव्हा बघेन. बंद दिसलं, तर धाकट्यांकडे जाईल."

धाकटे म्हणजे हेडक्लार्कांचे साडू. नवी गाडी, नवा फ्लॅट, आणि दर भेटीत पाठीवर थाप मारून "काय, अजून तीच खुर्ची का?" असं विचारणारा माणूस. घड्याळ त्याच्या मनगटावर बघण्यापेक्षा मनगटच नको, असं हेडक्लार्कांना वाटलं.

म्हणून त्यांनी घड्याळ जपायला घेतलं. ऑफिसात टेबलावर घडी घातलेला टॉवेल, टॉवेलावर डावा हात, आणि तो हात दिवसभर जागचा हलायचा नाही. फायली उजव्या हाताने उचलायच्या, जड असली तर हनुवटीची मदत घ्यायची. घरी आल्यावर तर काय, राजाच!

"अगं, बादली तेवढी तू उचल. हातात घड्याळ आहे."

"अहो, मग पिशवी तरी धरा."

"हातात घड्याळ आहे म्हणतोय ना!"

बायकोने बादली उचलली, पिशवीही उचलली.

आठवडा निम्मा झाला आणि घड्याळ मागे पडायला लागलं. हेडक्लार्क ऐटीत मीटिंगला पोचले, तेव्हा शिपाई खुर्च्या आवरत होता. साहेबांनी शांतपणे विचारलं, "किती वाजले?" यांनी मनगट पुढे करून मोठ्या अभिमानाने वेळ सांगितली. साहेबांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे पाहिलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी काटे पार थांबले. हेडक्लार्कांनी ऑफिसभर सगळ्यांना विचारून पाहिलं. टायपिस्ट बाई म्हणाल्या, "काही माणसांच्या अंगातच वीज असते. घड्याळं टिकत नाहीत त्यांच्या हातावर." एवढ्या काळजीतही ते जरा सुखावले. (त्यांच्या अंगात काही आहे, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.) अंगातली वीज उसळू नये म्हणून त्यांनी हात आणखीच गप्प ठेवला.

संध्याकाळी वैतागून घड्याळ बायकोकडे दिलं. ती झाडू मारत होती; ठेवायला जागा दिसेना, म्हणून तिने ते मनगटावर चढवलं. घर झाडून झालं, गाद्या झटकून झाल्या आणि बघते तर घड्याळ टिकटिकतंय!

हेडक्लार्कांनी झडप घालून ते परत घेतलं, वेळ लावली, उशीवर हात ठेवून बसून राहिले. सकाळी घड्याळ पुन्हा बंद.

"माहेरचं आहे ना," बायको हसली. "माहेरच्या माणसाला ओळखतं."

हेडक्लार्क हसले नाहीत. त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

रविवारी बेत ठरला. पाहुणे येईपर्यंत घड्याळ बायकोने घालायचं, बेल वाजली की यांनी. बेल वाजली. पण कणकेच्या हातांनी बक्कल सुटेना. हे ओढताहेत, ती ओरडतेय, आणि सासू-सासरे उघड्या दारातून थेट स्वयंपाकघरात!

"घड्याळ हिच्या हातात कसं?" सासऱ्यांनी विचारलं.

हेडक्लार्कांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. "बाबा, खरं सांगतो, माझ्या हातावर ते चालतच नाही! काय करायचं राहिलं हो माझं? आठवडाभर हा हात हलवलासुद्धा नाही, इतकं जपलं!"

सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अहो, हात हलवल्यावरच तर चालतं ते! हात हलला की आपोआप चावी मिळते त्याला. तुम्ही उपाशी मारलंत की बिचाऱ्याला!"

हेडक्लार्क पुरते गोंधळले. "पण मग बाबांकडे कसं चाललं? बाबा तर रिटायर झाल्यापासून आरामखुर्चीतून..."

सासरे खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघायला लागले.

"यांच्या हातावर चाललं?" सासूबाई म्हणाल्या. "हे पेपर घेऊन बसले की मी घालायचे. झाडलोट करायचे, कणीक मळायचे, सगळं आवरलं की यांच्या चष्म्याशेजारी नेऊन ठेवायचे. मामंजी बोटीवरून कायमचे घरी आले, तेव्हा माझ्या सासूबाईही हेच करायच्या. त्यांनीच शिकवलं मला."

"म्हणजे कप्तान... बंदर..." हेडक्लार्क पुटपुटले. सासरे अजून खिडकीतच होते.

"घड्याळ आता या लेकीकडेच राहील," सासूबाईंनी निकाल दिला. "थोरल्यांना नको आणि धाकट्यांनाही नको."

साडूला मिळत नाही म्हटल्यावर हेडक्लार्कांच्या जिवात जीव आला. "चालेल, आई! एकदम मान्य!" मग त्यांना आपलं रिकामं मनगट दिसलं. "पण मग मी कशावर बघायचं?"

सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत एकदा नीट न्याहाळलं.

"तुम्हाला कशाला हवेत तास नि मिनिटं, जावईबापू? तुम्हाला भिंतीवरचं कॅलेंडर पुरे."