इंद्रभानरावांच्या टर्बोत झालेल्या सुधारणा

मनुष्यजातीची प्रगती वेगाने मोजतात, याबद्दल आता कुणाच्या मनात शंका उरलेली नाही. जो लवकर पोचतो तो पुढारलेला आणि जो उशिरा पोचतो तो मागासलेला. (हा सिद्धांत मांडणारे विद्वान वाटूर ते मंठा या रस्त्याने कधी गेले नसावेत. गेले असते तर अजून पोचले नसते, आणि सिद्धांत मांडायचा राहून गेला असता.) याच रस्त्याच्या कडेला, वाटूर फाट्यापासून हाकेच्या अंतरावर, शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास प्रगतीचे एक मोठे कार्य पार पडले. सरकारी दप्तरात त्याची नोंद नाही, म्हणून ती इथे करणे भाग आहे.

कार्य करणाराचे नाव इंद्रभान. घरची शेती बरी, आवाज मोठा, आणि समोरच्याला बोलू द्यायचे नाही हा बाणा. त्यामुळे गावात त्यांना जाणकार समजत. जालन्याच्या एका बियाणे-व्यापाऱ्याच्या चिरंजीवांनी मुंबईहून एक परदेशी गाडी आणली होती. लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला पोट लावून पळणारी. जिल्ह्यातल्या रस्त्यांवर चालवून चिरंजीवांचे मणके आणि गाडीचा तळ एकाच आठवड्यात कामातून गेले. चिरंजीवांवर उपचार झाले, गाडी गोदामात पडली. इंद्रभानरावांनी त्या सालचा कापूस आणि दारची बैलजोडी देऊन तिची सुटका केली. गाडी तेव्हा चालू नसल्यामुळे त्याच बैलजोडीने ती वाटूरपर्यंत ओढून आणली आणि मग बैल व्यापाऱ्याकडे परत गेले. जाताना मागे काही ओढायचे नव्हते, त्यामुळे ते लवकर पोचले.

"बैल गेले, कापूस गेला, आन हे काय आणलं?" जयवंताबाई दारातूनच म्हणाल्या. "आत बसायला जागा न्हाई, उभं राह्यला उंची न्हाई. निजायला आणलं काय?"

"टर्बो हाय ही, टर्बो," इंद्रभानराव म्हणाले. "तुला न्हाई समजायचं."

टर्बो म्हणजे काय, हे पुढच्या महिन्याभरात वाटूरमधल्या लहानथोर सर्वांना समजले, कारण समजल्याशिवाय इंद्रभानराव कुणाला ओट्यावरून उठू देत नसत. इंजिनाने टाकलेला धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवतो, तो पंखा जास्तीची हवा परत इंजिनात कोंबतो, आणि गाडी सुसाट सुटते. म्हणजे इतर गाड्या जे फेकून देतात, त्याच्याच जोरावर ही पळते. इंद्रभानरावांना हे तत्त्व पहिल्या ऐकण्यातच पटले. त्यांचे स्वतःचे बोलणे आयुष्यभर त्याच तत्त्वावर चालत आले होते.

इथे जयवंताबाईंच्या गिरणीविषयी सांगितले पाहिजे. घर, शेत आणि मते इंद्रभानरावांची; गिरणी जयवंताबाईंची. माहेरच्या दोन शेळ्या त्यांनी कळप होईपर्यंत वाढवल्या, तो कळप विकून डिझेलवर चालणारे एक जुने इंजिन घेतले आणि घरामागच्या पत्र्याखाली पिठाची गिरणी टाकली. वीज येई तेव्हा गाव झोपलेले असे, त्यामुळे विजेच्या गिरण्या बंद आणि ही चालू. सकाळपासून बाया ज्वारीचे डबे घेऊन ओळीने बसत. घरातले तेल, मीठ, औषधपाणी आणि इंद्रभानरावांची तंबाखू त्या इंजिनाच्या जिवावर चाले. इंद्रभानराव मात्र गिरणीकडे कधी फिरकत नसत. अंगावर पीठ उडते आणि पुरुषासारखा पुरुष म्हातारा दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते.

गाडीची सुधारणा फाट्यावरच्या बिरूकडे सोपवण्यात आली. बिरू ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंगने जोडून देत असे. नट-बोल्टवर त्याचा विश्वास नव्हता. नट आज ना उद्या ढिला पडतो, वेल्डिंग पडत नाही, हे त्याचे शास्त्र. त्याच्या हातून गेलेली वस्तू पुन्हा उघडता येत नसे, आणि ती पक्की असल्याचा पुरावा म्हणून तो तेच सांगे. काम मात्र त्याने दुकानात न करता इंद्रभानरावांच्या अंगणात केले, कारण लागणारे सामान घराला आधीच बसवलेले होते.

पहिली अडचण उंचीची. थोडीफार डागडुजी होऊन गाडी धडधडू लागली, तशी ती पहिल्याच गतिरोधकावर पोट टेकून बसली. (हा गतिरोधक एका शेळीच्या अपघाती निधनानंतर गावाने स्वखर्चाने बांधला होता.) रस्ता खाली घ्यावा की गाडी वर, यावर चर्चा झाली. रस्ता बांधकाम खात्याचा, त्यामुळे त्याला कुणी हात लावू शकत नव्हते, आणि खातेही लावत नव्हते. तेव्हा गाडी वर घ्यायचे ठरले. ट्रॉलीच्या स्प्रिंगांचे पाटे आणि ट्रॉलीचीच चाके बसवली. गाडी माणसाच्या छातीइतकी उंच झाली आणि दारापर्यंत चढायला माळ्याची शिडी वेल्ड करावी लागली. जयवंताबाईंचे माळ्यावरचे लोणचे त्या दिवसापासून माळ्यावरच राहिले.

दुसरी अडचण मजबुतीची. जालन्याला सळईचे कारखाने आहेत, त्यामुळे जिल्ह्यात कुठल्याही प्रश्नाला पहिले उत्तर सळई हेच दिले जाते. गाडीला पुढून, मागून, खालून आणि आतून सळई लावली. आता बाहेरच्या माणसाला आतला दिसेना, पण आतल्याला कसलीच इजा होणार नव्हती. खिडक्यांना घराच्या खिडक्यांचे गज बसवल्यामुळे गाडी चोरीला जाण्याचा धोका टळला आणि घर चोरीला जाण्याचा सुरू झाला.

मग मागचा पंख. परदेशी गाड्यांना मागे एक आडवा पंख असतो, त्याला स्पॉयलर म्हणतात. गाडी वेगात असताना वाऱ्याने उचलली जाऊ नये म्हणून तो लावतात. गोठ्याच्या छपरावरचे दोन पत्रे काढून बिरूने तो तयार केला. पाहायला आलेल्या गुरुजींनी, इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'बिघडवणारा' असा होतो, अशी माहिती दिली.

"मंग बराबर बसलाय की," बिरू म्हणाला.

एवढ्या सुधारणा झाल्यावर गाडीच्या वेगाची काय स्थिती होती? सपाट रस्त्यावर, वारा पाठीमागून असताना आणि आत फक्त इंद्रभानराव असताना, ती शाळेतून सुटलेल्या पोरांच्या बरोबरीने चाले. तरी त्यांच्या मनात तिळमात्र शंका आली नाही. वेग गाडीच्या रक्तात आहे, तो फक्त बाहेर पडायला वेळ लागतो आहे, असे ते म्हणत. आणि ज्याला आपल्या म्हणण्यावर असा भरवसा आहे, त्याने माईकपासून लांब राहावे. ते राहिले नाहीत. गावच्या जत्रेत कुस्त्या संपल्यावर त्यांनी माईक हातात घेतला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असे जाहीर केले:

"येत्या बाजारच्या दिवशी आपली टर्बो एस्टीच्या आधी मंठ्यात पोचंल! न्हाई पोचली, तर ह्यो इंद्रभान जयवंताची गिरणी हाकील!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. गिरणी हाकणे याहून खालचे काम इंद्रभानरावांना त्या घाईत सुचले नव्हते. बायांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या जयवंताबाईंनी ते ऐकले. त्यांनी ते लक्षात ठेवले.

बाजाराला चार दिवस राहिले आणि गाडीचे इंजिन जाम झाले. धूळ गेली असे बिरूचे मत, दृष्ट लागली असे इंद्रभानरावांचे. टर्बो तेवढा वाचला, पण त्याचे कवच तडकले होते, त्यामुळे धूर कुठला आणि हवा कुठली यात तो आता भेदभाव करीनासा झाला. रात्रभर इंद्रभानरावांना झोप आली नाही. त्यांना खरोखरच भीती वाटत होती. गाव हसेल याची. आयुष्यात दुसरी कसली भीती त्यांनी बाळगली नव्हती. घर उघडे पडले याचीसुद्धा नाही.

जयवंताबाई दोन दिवस अंबडला बहिणीकडे गेल्या होत्या. परत आल्या तर गिरणीपुढे बाया रिकाम्या बसलेल्या, आणि जिथे इंजिन होते तिथे तेलाचा काळा डाग. त्या जात्याशेजारी मटकन बसल्या आणि रडल्या. मग डोळे पुसून अंगणात आल्या. लाल गाडीच्या पुढच्या भागात, टोपण काढून टाकून, त्यांचे इंजिन बसले होते.

"अवो, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"एका दिवसाचा तर प्रश्न हाय," इंद्रभानराव म्हणाले. "बाजार झाला की काढून देतो."

"बोल्टानं बसवलं का?"

"छ्या! बिलकुल पक्कं वेल्डिंग केलंय," बिरू अभिमानाने म्हणाला.

टर्बो काढून टाकावा असे एकदा निघाले होते, पण मग गाडीला टर्बो कसे म्हणणार? म्हणून तो गिरणीच्या इंजिनाच्या धुराड्याला जोडण्यात आला. त्यातून निघणारी हवा कुठे सोडायची हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हते, तेव्हा एका नळीने तिचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला काढून मोकळे ठेवले.

बाजारचा दिवस उजाडला. फाट्यावर गर्दी. एस्टी आली, इंद्रभानरावांनी गाडी सोडली आणि खरोखरच ते पुढे निघाले. लोकांनी फेटे उडवले. एस्टी मात्र जागची हलेना, कारण तिच्या टपावर ज्वारीचे डबे चढवले जात होते. गावची गिरणी बंद, घरोघर पीठ संपलेले, म्हणून जयवंताबाई गावाचे दळण घेऊन मंठ्याच्या गिरणीत निघाल्या होत्या. इंद्रभानरावांना शर्यतीत जी आघाडी मिळाली ती बायकोमुळे मिळाली, हे इथे मुद्दाम नमूद केले पाहिजे, कारण त्यांनी स्वतः ते कधी केले नाही.

गिरणीच्या इंजिनाला एकाच चालीची सवय होती. घाई त्याला कुणी शिकवली नव्हती. सपाटीला त्यांना एक दूधवाला सायकलवर मागे टाकून गेला. चढाला लागल्यावर मेंढपाळ गोपिकाबाईंची मेंढरे दोन्ही अंगांनी पुढे गेली, आणि सर्वांत शेवटी, हातात काठी घेऊन, गोपिकाबाई. "येते हां भाऊ," म्हणून त्या रीतसर निरोप घेऊन गेल्या. मग मागून भोंगा वाजला आणि एस्टी शेजारून पुढे सरकली.

खिडकीतून जयवंताबाईंनी पाहिले. रोज सकाळी आपण हाताने पुसतो ते इंजिन, सळयांच्या पिंजऱ्यात, धापा टाकत चढ चढत होते. 

"कंडक्टर, थांबवा! माझं इंजन हाय ते!"

घंटी वाजली, एस्टी थांबली. एस्टी उभी आहे हे पाहून इंद्रभानरावांना हुरूप आला आणि त्यांनी तिला ओलांडण्याची तयारी केली. शास्त्राप्रमाणे ते बरोबरच होते. थांबलेल्या गाडीला मागे टाकू नये असा नियम शर्यतीत नसतो. पण तोवर जयवंताबाई उतरून त्यांच्या गाडीपुढे उभ्या राहिल्या होत्या.

"सर बाजूला! जिंकून राह्यलोय मी!"

त्या सरल्या नाहीत. पुढे होऊन त्यांनी सळयांतून हात घातला आणि एक कळ उचलली. इंजिन गप्प झाले. चालू करायचे हँडल पायरीवर अडकवलेले होते, ते काढून त्यांनी पदराखाली घेतले. एस्टीच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती.

"माईकवर काय बोल्लते?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "हरलो तर गिरणी हाकीन. मंग चला. गिऱ्हाइक खोळंबलंय."

इंद्रभानराव शिडीने खाली उतरले. एस्टीतून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

इंजिन काही निघाले नाही. कापायला गेले तर फुटेल, असे बिरू म्हणाला, आणि आपले काम इतके पक्के झाल्याचे समाधान त्याच्या तोंडावरून लपत नव्हते. तेव्हा इंजिन गिरणीकडे येत नाही म्हणून गाडीच गिरणीकडे नेली. घरामागच्या पत्र्याखाली ती पाठ करून उभी केली, मागचा आस दगडांवर उचलून चाक अधांतरी केले आणि त्यावरून जात्याला पट्टा घातला. इंद्रभानराव रोज सकाळी शिडी चढून आत बसतात, स्टिअरिंग धरतात आणि दळण सुरू होते. चाकाच्या फेऱ्यांचा हिशेब केला तर ते आजवर काश्मीरला दोनदा जाऊन आले असावेत. अंगावर पीठ उडते, पण ते आता त्याविषयी काही बोलत नाहीत. जयवंताबाईंचे हँडल जयवंताबाईंपाशीच असते.

एक बारीकशी गोष्ट राहिली. टर्बोचे मागचे तोंड, गाडी उभी केली तेव्हा, नेमके पीठ पडते त्या जागेवर आले. जी हवा इंजिनात जायची ती धुरासकट पिठात जाते. गावातल्या बायांनी नाके मुरडली आणि दळण दुसरीकडे नेले. पण तेवढ्यात फाट्यावर धाबे निघाले आणि त्यांनी सगळे पीठ घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे गिरणी तरली. धाब्यावर मोठमोठ्या गाड्या थांबतात. वाचकहो, आपलीही एकदा थांबली होती. आपण बाजेवर मांडी घालून बसला होतात, ज्वारीच्या भाकरीचा पहिला घास घेऊन डोळे मिटले होते, आणि मुलांना म्हणाला होतात, "ही खरी चुलीवरची चव! अशी शहरात मिळत नाही." जाताना चार भाकरी बांधूनही नेल्यात.

आपले म्हणणे बरोबर आहे. शहरात गाडीचा धूर रस्त्यावरच सोडून देतात.