बारा आकड्यांचा आवाज

नवव्यांदा लाल दिवा लागला, तेव्हा कुमुदताईंनी ती डबी रडक्या लेकरासारखी मांडीवर पालथी घातली आणि वरून थोपटली. कॉम्प्युटरला लावायची बोटाएवढी काळी डबी, पाठीवर तुरीच्या दाण्याएवढी बटणं. आत शिरीषरावांचा आवाज होता. बाहेर, या जगात, तो आता कुठेच उरला नव्हता. शिरीषरावांना जाऊन बारा दिवस झाले होते, आणि आवाज त्यांच्याही आधी आठ महिने गेला होता.

घशाच्या ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले होते, “स्वरयंत्र काढावं लागेल. जे बोलायचं ते रेकॉर्ड करून ठेवा.” शिरीषराव तीन दिवस मागच्या खोलीत दार लावून बोलत बसले. कुमुदताई दाराला पाठ टेकून तांदूळ निवडायच्या. शब्द कळायचे नाहीत. भिंतीपलीकडे कोणी जातं ओढावं तशी नुसती घरघर यायची. पुढचे आठ महिने घरात पाटी होती आणि खडूची भुकटी होती. पाटीवर एक दिवस त्यांनी लिहिलं, ‘मी गेल्यावर ऐक.’

ऐकायला दुसरं काही त्यांनी मागे ठेवलंच नव्हतं. वीज कचेरीतून निवृत्त झाल्यावर तात्यापारा मोहल्ल्यात सायबर पोलिसांचे एक साहेब व्याख्यान देऊन गेले, आणि शिरीषरावांनी ते व्याख्यान गुरुमंत्रासारखं कानात धरलं. दर रविवारी अंघोळ करून ते मोबाइलमधले सगळे व्हिडिओ पुसायचे. “घरात जेवढं कमी, तेवढं चोराले कमी,” म्हणायचे. नातवाच्या बारशाचाही व्हिडिओ त्यातच गेला.

डबीला बारा आकड्यांचं कुलूप होतं. ते त्यांनी चार-चार आकड्यांच्या तीन तुकड्यांत वाटलं. पहिला तुकडा धाकट्या भावाला, बीरगावच्या रणजितला. दुसरा बहिणीला, गुढ़ियारीच्या प्रमोदिनीला. तिसरा समता कॉलोनीतल्या जुन्या मित्राला, डॉक्टर विनायकना. ही माणसं निवडण्याचं कारण एकच. तिघं अकरा वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी या भावंडांच्या आईला तपासून विनायक म्हणाले होते, “काळजीचं कारण नाही.” दुसऱ्या दिवशी आई गेली. उन्हाळा होता, म्हणून रणजितने अग्नी द्यायची घाई केली. प्रमोदिनीची गाडी तेव्हा तासाभरावर, दुर्गला उभी होती. ती पोहोचली तेव्हा राख कोमट होती. मग स्मशानातच रणजितने विनायकना काय काय ऐकवलं, ते मोहल्ला अजून विसरला नव्हता.

“जे बोलतच नाहीत, ते मिळून चोरी कशी करतील?” असं शिरीषरावांनी पाटीवर लिहिलं होतं, आणि खाली समाधानाची एक रेघ ओढली होती.

“अन् मले काहून नाही दिला तुकडा? त्रेचाळीस वर्षं झाली लग्नाले,” कुमुदताईंनी विचारलं होतं.

त्यांनी पाटी पुसली, विचार केला, लिहिलं, ‘तुझं तिघांशीही पटते. तूच सगळ्यात धोक्याची.’

तो शब्द कुमुदताईंच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखा मोडून राहिला होता. म्हणूनच तिघांना विचारण्याआधी त्यांनी स्वतःच प्रयत्न केले. लग्नाची तारीख मुहूर्ताच्या वेळेसकट घातली, लाल दिवा. पहिल्या मुलाची, जो तीनच दिवस जगला त्याची तारीख घातली, लाल दिवा. नऊ तारखा, नऊ दिवे. आपण या माणसाच्या कुठल्याच आकड्यात नाही, हे त्यांना नऊ वेळा कळलं.

तेवढ्यात हिंदीतच वाढलेली मुलगी ऋता डबीसोबतचा कागद वाचत आली. “आई, रुक जाओ. इसमें लिखा है, दस बार गलत डाला तो अंदर का सब अपने आप मिट जाएगा।”

“मंग नऊ झाले.”

 ऋताने डबी आईच्या मांडीवरून उचलली आणि देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागे ठेवली.

दुसऱ्या दिवशी तेरवी होती. तिघं एका छपराखाली येतील असा तो एकच दिवस. आली, आणि हार घातलेल्या फोटोसमोर तीन कोपऱ्यांत तीन खुर्च्यांवर बसली. चौथ्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं. ते सगळ्यांत बोलकं वाटत होतं.

जेवणं झाल्यावर कुमुदताईंनी हात जोडले. “एकच संधी राहिली आहे. मले ह्यांचा आवाज ऐकू द्या. बाकी मी काही मागत नाही.”

विनायक चष्मा पुसत म्हणाले, “वहिनी, मी शिरीषला शब्द दिला आहे. या दोघांसमोर आकडा उच्चारणार नाही. बटणं मी स्वतः दाबीन. यांना भिंतीकडे तोंड करायला सांगा.”

“सांगा डॉक्टरले,” रणजित पिंपाला म्हणाला, “की आम्ही अकरा वर्षं भिंतीकडेच तोंड करून आहो.”

“आधी भाऊजी, तुमचा तुकडा बघा,” कुमुदताई म्हणाल्या.

रणजितने पाकिटातून मऊ पडलेली चिठ्ठी काढली. ६१२०. मग त्याचा चेहरा उतरला. “वहिनी, एक भानगड आहे. हा खरा आकडा नाही. पाकीट चोरलं तर काय घ्या, म्हणून मी त्यात माझ्या नोकरीचं साल मिसळलं. एकोणीसशे चौऱ्याऐंशी.”

“मिसळलं म्हणजे?”

“तेच आठवून नाही राहिलं. मिळवलं होतं का वजा केलं होतं.”

फोटोपुढची वात चरचरली. ऋताने मोबाइलवर दोन्ही उत्तरं काढली. मिळवलं असेल तर मूळ आकडा ४१३६. वजा केलं असेल तर ८१०४. संधी एक.

प्रमोदिनीने अकरा वर्षांत पहिल्यांदा भावाकडे पाहिलं. “याने मिळवलंच असेल. याने जन्मात कधी काही कमी करून सांगितलं नाही. चार पाहुणे आले तर हा चाळीस सांगे. आई एक दिवस तापली तर महिनाभर म्हणे. फक्त मी दुर्गला पोचली होती, तेवढं त्याने कमी करून ‘अजून लय दूर आहे’ सांगितलं.”

“ते वाढवूनच होते,” रणजित हळू म्हणाला. “दुर्ग जवळ आहे. मी दूर करून सांगितलं.”

 मिळवलंच होतं, हे ठरलं.

आता प्रमोदिनीची पाळी. तिने कागदच ठेवला नव्हता. आकड्यांची ओवी बांधली होती, आणि गायल्याशिवाय ते तिला आठवत नव्हते. तिने डोळे मिटले.

पाच पाखरं गं आली, नऊ फांद्यांवर बसली
दोन उडून गेली माय, सात डोळ्यांत रुसली

‘दोन उडून गेली’वर तिचा आवाज चिरला. एक आई होती, एक आता फोटोत होता.

“पाचातून दोन गेले तर सात कसे उरले?” रणजितने नाक ओढत विचारलं.

“ओवी आहे ते, तुझ्या कारखान्याचा स्टॉक नाही.”

“तुमचा आकडाही सगळ्यांसमोर सांगून टाकला की तिने,” कुमुदताई फोटोकडे बघून पुटपुटल्या.

डबीची आणखी एक खोड होती. दोन बटणांत जास्त वेळ गेला की ती झोपी जायची, आणि सगळं पहिल्यापासून; चूक तेवढी मोजायची नाही. पहिल्या खेपेला रणजितने आपले चार आकडे दाबले, पण बहिणीच्या हातात न देता डबी सतरंजीवर ठेवली; भांडलेल्या माणसाच्या हातात थेट काही द्यायचं नाही, हा अकरा वर्षांचा नेम. तिने ती उचलेपर्यंत दिवा विझला. दुसऱ्या खेपेला हातात दिली, पण ओवी विलंबित होती. पाखरं फांद्यांवर बसेपर्यंत डबी झोपली.

“आत्या, थोड़ा फास्ट,” ऋता म्हणाली.

तिसऱ्या खेपेला प्रमोदिनीने ओवी टांग्याच्या घोड्यासारखी पळवली. भावाच्या हातून डबी घेतली, पाखरं आली, बसली, उडाली, रुसली, आणि डबी विनायकांच्या पंजात कोंबली. “घ्या डॉक्टर. या वेळी तरी नीट बघा.”

बाकी दोघं भिंतीकडे वळली. विनायकांनी नाडी पाहावी तसं एकेक बटण दाबलं. चौथ्यावर त्यांचं बोट थांबलं.  बोट टेकलं.

हिरवा दिवा.

 ऋताने डबी लॅपटॉपला लावली. आधी नुसती खरखर आली, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग तो घसा, दुखरा, पण त्यांचाच.

“कुमुद.”

कुमुदताईंनी पदर तोंडात धरला.

“कुमुद, मी गेलो असेन. या डबीचे तुकडे तिघांले देऊन ठेवीन. पण खरं सांगू? माझा तिघांवरही भरोसा नाही. रणजित स्वतःची अक्कल लावून विसरून जाईल. प्रमोदिनी गाण्यात घालेल. अन् विनायक तोंडच उघडणार नाही. ऐन वेळी तू अडकून पडशील. म्हणून सगळा आकडा तुले एकटीलेच सांगून ठेवतो. पुढे पाटीवर लिहायची भीती वाटते, कोणी वाचेल. इथं एकदम सेफ आहे. कागद घे.”

ऋता म्हणाली, “लेकिन ये तो अंदर...” आणि थांबली.

रणजितने तोंड उघडलं. प्रमोदिनीने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तोंड मिटलं.

कुमुदताई उठल्या. किराणा लिहायची पेन्सिल आणि एक कोरा कागद घेऊन लॅपटॉपसमोर बसल्या.

“घेतला? लिही. चार... एक... तीन... सहा...” प्रत्येक आकड्यानंतर दम घेतल्याचा आवाज येत होता. रणजितने मान हलवली. “पाच... नऊ... दोन... सात...” प्रमोदिनीचे ओठ हलले. शेवटच्या चारांना विनायक दुसरीकडे बघत राहिले, शब्द दिला होता म्हणून.

“लिहिलं?” आवाजाने विचारलं. “आता पाठ कर. अन् कागद फाडून टाक.”

“हव,” कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी कागदाची चार पदरी घडी घातली आणि कमरेला खोचली.