तपासणीचे तीन तास

मुलांनो, डोळे मिटा आणि एक लांबलचक बस डोळ्यांपुढे आणा. चालकाच्या डोक्यावर पाटी आहे: 'चालकाशी बोलू नये.' आता असं समजा, की प्रवाशांनी ती पाटी बावीस वर्षं अगदी इमानेइतबारे पाळली. या चालककाकांच्या घरी तर पाटीचीही गरज नव्हती. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा दूरदेशी. तो रविवारी फोन करायचा, तब्येत विचारायचा आणि ठेवायचा.

एका सकाळी आगारात शिरताना काकांच्या बसची मागची कड फाटकाच्या खांबाला घासली. खांबाला काही झालं नाही. फक्त प्लॅस्टरचा एक पोपडा सुटला आणि आगारप्रमुखांच्या नुकत्याच धुतलेल्या गाडीवर पडला.

"अपघात म्हणजे अपघात," गाडी पुसत साहेब म्हणाले. "दारूची आणि नशेची तपासणी होणार."

"साहेब, मी चहासुद्धा फिका पितो."

"ते मशीनला सांगा."

काकांनी मशीनमध्ये फुंकर मारली. शून्य आलं. मग तपासनीस बाईंनी लघवीच्या नमुन्यासाठी त्यांच्या हातात झाकणाची डबी दिली आणि काकांचा चेहरा पडला.

"बाई, मी आत्ताच जाऊन आलो हो!"

खेप संपली, की आधी स्वच्छतागृह गाठायचं, ही बावीस वर्षांची सवय. खांबाला बस घासली तरी पाय आपोआप तिकडेच गेले होते.

"मग पाणी प्या आणि बसा," बाई म्हणाल्या. "तीन तास आहेत. तेवढ्यात नमुना दिला नाहीत, तर तपासणी नाकारली असं मला लिहावं लागेल. मग नोकरी गेलीच समजा. आणि तोवर तुम्हाला एकटं सोडता येणार नाही."

"एकटं सोडता येणार नाही?" काकांनी पुन्हा विचारलं. असं काही त्यांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

खोलीत बाईंची नऊ वर्षांची मुलगी बसली होती, ठकी. शाळेला सुट्टी होती, म्हणून आईनं तिला बरोबर आणलं होतं आणि गप्प बसायला सांगितलं होतं. तिच्या फरश्या दोनदा मोजून संपल्या होत्या.

"आजोबा, खांब दिसला नाही का तुम्हाला?"

"काका म्हण गं. रिटायर व्हायला चार वर्षं आहेत अजून."

"आज नाही जमलं, तर आजच व्हाल की!"

"ठके!" आईनं डोळे वटारले.

काका मात्र हसले. त्यांनी कंपासपेटीची बस केली, गोंदाच्या बाटलीचा खांब केला आणि वळताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून कशी जातात ते दाखवलं. मग ठकीनं बस चालवली. खांब अकरा वेळा पडला. शेवटी लिहिता लिहिता आईही म्हणाली, "अगं, हळू! थोडी पुढे घेऊन मग वळव!"

अधूनमधून काका पाणी पीत होते. साहेब डोकावले, "झालं का?" मेकॅनिक खिडकीतून म्हणाला, "काका, बाहेरचा नळ सोडून ठेवू?"

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. दोन तासांनी काकांना लागली होती. चांगलीच. पण ते पायावर पाय टाकून म्हणत होते, "अजून नाही हं." एकदा डबी भरली, की उठायचं आणि घरी जाऊन कुलूप उघडायचं.

"दहा मिनिटं राहिली," बाईंचा आवाज उतरला. "काका, खरंच लिहावं लागेल हो मला."

ठकीनं वाकून टेबलाखाली पाहिलं.

"आजोबा, तुम्हाला लागलीय!"

"छे गं."

"मग पाय का नाचतायत? जा ना! तुमची बस कोण चालवणार मग?"

काका डबी घेऊन धावले.

काका परत आल्यावर बाईंनी डबी सीलबंद केली, सही घेतली. "सुटलात. आता घरी जा. निकाल येईपर्यंत चार दिवस बस चालवायची नाही."

"चार दिवस घरी?" काकांनी टोपी उचलली, झटकली, पुन्हा झटकली. "बाई, रक्ताची वगैरे नसते का एखादी?"

"नाही हो. झालं सगळं."

काका दारापर्यंत पोचले. तेवढ्यात ठकी उठली. तिनं आपली खुर्ची दोन्ही हातांनी धरली, जरा पुढे नेली, वळवली आणि सरळ कपाटावर नेऊन आदळली. वरच्या फायली धडाधड खाली आल्या.

"ठके! हे काय?"

"अपघात," ठकी म्हणाली. "आता मला तीन तास एकटं सोडायचं नाही. आणि तू तर कामात आहेस."

एवढं बोलून तिनं काकांसाठी दुसरी खुर्ची ओढली.