डझनभर केळी

सुभेदार माने एका जागी दहा मिनिटं बसलेत, असं आमच्या साताऱ्यातल्या गल्लीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. चहाचा कप ओठाला लावायचा अवकाश, "जरा राउंड मारून येतो" म्हणत उठायचे. परतेपर्यंत चहा गार. पलटण सुटली तरी पहारा सुटला नाही, असं आम्ही कौतुकानं म्हणायचो. हा पहारा मागच्या मोरीपर्यंतच जातो, हे शेजारी राहून मला दोन वर्षं कळलं नाही. आणि मी नोकरीला कुठं, तर रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शेवटी त्यांच्या बायकोनं, काकूंनीच त्यांना माझ्यापुढं आणून बसवलं. डॉक्टरांना प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका होती. मी सुई उचलली आणि सुभेदारांनी दणदणीत ढेकर दिला.

"काय खाऊन आलात?"

"डझनभर केळी! भरतीला अर्धा किलो कमी भरलो, तवा केळ्यांनीच तारलं. मेडिकल कुठलं बी असू दे, केळी खाल्ली की माणूस फिट."

"आवं, वजन न्हाई, रगत बघायचंय," काकूंनी कपाळाला हात लावला.

"रगताला काय वजन नसतं व्हय?"

मी त्यांच्या दंडाला पट्टा आवळला.

नमुना पुण्याला गेला. आठवड्यानं प्रोस्टेटच्या तपासणीचा आकडा आला, चाळीस.

"पासिंगला किती लागतात रं?"

"चारच्या आत पाहिजे."

"मग लयच वर गेलो की!" ते हसले आणि राउंडला गेले. मला हसू आलं नाही. दोन वर्षं लाजेपायी गप्प बसल्याचा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

तुकडा काढून तपासायला सांगलीला जायचं होतं. मीही त्या दोघांसोबत निघालो. एसटीत त्यांनी दाराजवळची सीट धरली. कराडला गाडी थांबते न थांबते तोच उतरले, आणि कंडक्टरनं दोनदा हाका मारल्यावर आले ते डझनभर केळी घेऊन.

"आवं सुभेदार, पुन्हा केळी?" मी खेकसलोच.

एक केळं सोलून त्यांनी काकूंच्या हातात दिलं.

"खा. म्हैन्यात निम्मी झालीयास. मला अनफिट केलं, तर फुडली ड्युटी तुझी हाय."

काकू डोळे पुसत खाऊ लागल्या. सुभेदार दुसरं सोलून हातात धरून बसले.