एक दिवसाआडचे डॉक्टर

आमच्या शेजारच्या डॉक्टर नाडगौडांच्या घरात लिंबालासुद्धा तारीख असते. पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या पेनाने लिहिलेली. दुधावर, लोणच्याच्या बरणीवर, साबणाच्या डबीवर, सगळीकडे आणल्याची तारीख आणि मालकाचं नाव. राहतात एकटे. साबण चोरणार कोण? विचारलं तर म्हणाले, "काका, नाव नसलं की वस्तू कचऱ्यात जाते. लॅबचा नियम आहे."

मी सातवी नापास वेल्डर. अबुधाबीत उभा जन्म लोखंड जोडलं, आता रीम आयलंडवर मुलाच्या घरी एकोणिसाव्या मजल्यावर बसून असतो. डॉक्टरांचं काम मला समजलं ते एवढंच: पोटात स्वादुपिंड असतं, त्यातल्या पेशी इन्शुलिन बनवतात, त्या थकल्या की डायबेटिस. असल्या पेशी ते लॅबमध्ये बशीत वाढवायचे. एक दिवसाआड त्यांना नवीन खाणं घालायचं, नाहीतर मरतात. ईद असो की दिवाळी. "यल्ला काका, पोरांना जेवायला घालायचंय," म्हणत लिफ्टकडे पळायचे. लग्न त्याच भानगडीत राहून गेलं.

लिफ्टमध्ये माणसं त्यांच्यापुढे शुगरचे रिपोर्ट धरायची. "हबीबी, मी औषधवाला डॉक्टर नाही," असं म्हणायचे आणि रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे.

माझ्या बायकोला, शालनला, वीस वर्षं शुगर. आपणच गोड खाऊन ते ओढवून घेतलं, असं तिच्या मनाने घेतलेलं. डॉक्टर तिला म्हणाले, "काकू, तुमच्या पेशी आळशी नाहीत. दमल्यात बिचाऱ्या."

मी म्हटलं, "मग ओव्हरटाइम द्या की त्यांना."

"ओव्हरटाइमनेच दमल्यात, काका!"

शालन हसली. खूप दिवसांनी.

पुढे ते मेंदूकडे वळले. मेंदूच्या नसा या पेशींशी बोलतात म्हणे. मी म्हटलं, "आमच्याकडे नात इंग्लिशमध्ये उत्तरं देते, मुलगा फोनशी बोलतो. तुमच्या पेशी बऱ्या, घरातल्या घरात बोलतात."

रमजानच्या आधी शालन गेली. आधी किडन्या, मग ती. सून जेवण झाकून ऑफिसला जायची, मी ते कचऱ्यात टाकायचो. तोंडात घासच फिरायचा नाही. मग एका दुपारी एक वाजता बेल वाजली. दारात डॉक्टर, हातात डबा, झाकणावर पट्टी: काका, आणि तारीख.

मुगाची खिचडी. मीठ नाही, चव नाही. पण डॉक्टर समोर बसून राहिले, बशीतल्या पेशींकडे बघावं तसे. मी खाईपर्यंत हलले नाहीत. मग एक दिवसाआड हेच सुरू. शालनने जन्मात कुणाचा डबा रिकामा परत केला नाही. मी मात्र धुवून रिकामाच द्यायचो.

दोन महिन्यांनी मी चिडलो. "बास झालं, डॉक्टर. मला जगवून कुणाचं भलं होणार आहे? ही खिचडी तुमच्या पोरांना घाला."

ते डब्याचं झाकण पुसत राहिले. म्हणाले, "पोरं नाहीत आता. प्रोजेक्ट खलास झाला. बशा तशाच टाकता येत नाहीत, आधी ब्लीच ओतावं लागतं. मीच ओतलं."

"कधी?"

"काकू गेल्या त्याच आठवड्यात."

"मग आता एक दिवसाआड जाता कुठे?"

"इथेच येतो की, काका."

मी ताट ओढलं आणि खिचडी संपवली.

दुसऱ्या दिवशी शेंगदाणे भाजले. जन्म आगीशेजारी गेला, तरी निम्मे करपले. चांगले निवडून डब्यात भरले. नातीच्या दप्तरातली चिकटपट्टी काढली, वाकड्या अक्षरात 'नाडगौडा' लिहिलं, खाली तारीख घातली.

तो मधला दिवस होता, त्यांचा न येण्याचा. दुपारी एकला मी त्यांची बेल वाजवली.